वेडा, मनोरुग्ण की ‘त्याले बरं नही’?

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय, आधी त्यांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. त्या आणि त्यांचे पाच-सहा मित्रमैत्रिणी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मराठीत रोलप्ले करतात, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि टाइप करत करत गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट अमळनेरकडच्या एका खेड्यातली. ताईंचं पात्र म्हणजे तिशीतला एक मुलगा, त्याला स्किझोफ्रेनिया आहे. तर पात्राच्या ओळखीत काय लिहायचं, वेडा, भ्रमिष्ट, मनोरुग्ण की मानसिक रुग्ण? गावातली बाकीची पात्रं त्याला काय म्हणतील? आणि ग्रुपमधला एक जण रोलप्लेला मराठीत ‘सोंग’ म्हणा म्हणून मागे लागलाय, तर ‘मी वेड्याचं सोंग घेतलंय’ हे चालेल का?

शेवटचं आधी घेतो कारण ते सोपं आहे. चालणार नाही. सोंग शब्द एरवी झकास आहे, जत्रेत रामाचं सोंग निघतं, रावणाचं निघतं, त्यात कुणी कुणाला फसवत नसतं. पण ‘वेड्याचं सोंग’ हे दोन शब्द शेजारी आले की मराठी माणसाच्या कानात एकच अर्थ वाजतो, ढोंग. वेड पांघरून पेडगावला जाणे ही म्हण सगळ्यांना माहितीये. म्हणजे आपल्या भाषेत वेड ही घोंगडी आहे, गरज पडली की पांघरायची, काम झालं की काढून ठेवायची. आणि ज्याला खरोखर आजार असतो त्याला घरात, गल्लीत हेच तर ऐकावं लागतं की काम नको म्हणून सोंग करतो. त्यामुळे रोलप्लेला रोलप्लेच म्हणा, काही बिघडत नाही.

आता मुख्य शब्द. वेडा हा मुळात वाईट शब्द नाही असं म्हणणारे लोक भेटतात आणि ते अर्धे बरोबर असतात. पुस्तकवेडा, क्रिकेटवेडा, नाटकवेडा, ही कौतुकं आहेत. आपल्याकडे तर येड्या ही लाडाची हाक आहे, आई पोराला म्हणते येड्या जेवून घे, मित्र मित्राला म्हणतो चाल रे येड्या. पण एक बघा, ज्या घरात आजार असतो त्या घरातून हा लाडाचा येड्या गायब होतो. आमच्या गल्लीत असं एक घर होतं, त्यांच्याकडे धाकट्या नातवालासुद्धा कुणी येड्या म्हणायचं नाही. कुणी तसा नियम केला नसेल, आपोआप झालं असेल. रोलप्लेमध्ये घरातली पात्रं लिहिणाऱ्याला हे कळलं तर त्याने अर्धं काम केलं.

मनोरुग्ण शब्द सभ्य वाटतो, पेपरात येतो, सरकारी पाटीवर असतो. रुग्ण हे संस्कृतातल्या रुज् धातूपासून आलंय, त्याचा मूळ अर्थ मोडणे, तुटणे. म्हणजे मनोरुग्ण म्हणजे शब्दशः मन मोडलेला. बरं, अर्थ बाजूला ठेवला तरी अडचण राहतेच, की हा शब्द माणसाची जागा घेतो. ‘मनोरुग्ण घरी आला’ असं वाक्य लिहिलं की तो कोण होता, काय शिकला, कपाशीत काम करत होता का बँकेत, सगळं पुसलं गेलं. भ्रमिष्ट तर त्याहून पुढचा, तो आता फक्त बातमीत उरलाय, ‘भ्रमिष्ट अवस्थेत फिरताना आढळली’. माथेफिरू म्हणजे ज्याने गाड्या जाळल्या तो, त्याला आजार होता का नव्हता हे बातमीदाराने तपासलेलं नसतं. मेंटल आणि सायको शिव्या आहेत, सोडून द्या. आणि मतिमंद ही वेगळीच गोष्ट आहे, बुद्धीची वाढ कमी असणं, तिचा इथे संबंध नाही, पण लोक सर्रास घोळ करतात म्हणून सांगून ठेवलं.

मग काय लिहायचं? माझं उत्तर असं की नाम शोधत बसूच नका, विभक्ती बघा.

मराठीत आजार कसा सांगतात? त्याला ताप आला. तिला कावीळ झाली. पोराला गोवर निघाला. माणूस ‘ला’मध्ये आणि आजार कर्ता. आजार बाहेरून येतो, होतो, निघतो, लागतो, आणि जातो पण. तापवाल्याला कुणी तापट म्हणत नाही, तापट म्हणजे वेगळंच काहीतरी. आणि गंमत म्हणजे वेडाचंही मुळात हेच व्याकरण आहे, ‘त्याला वेड लागलं’. जुन्या मराठीत ‘पिसें लागणे’ होतं, तो पिसा शब्द पिशाचावरून आलेला. लागणे हे क्रियापद भारी आहे, भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, नजर लागते, भूतही लागतं. वेड या भूक आणि भूत यांच्या मधे कुठेतरी बसलेलं आहे. अहिराणीत, म्हणजे आपल्या खानदेशातल्या बोलीत, ‘त्याले येड लागनं’. ‘ला’चा ‘ले’ झाला पण माणूस त्याच जागी राहिला. म्हणजे भाषेने माणूस आणि आजार वेगळे ठेवले होते, आपण घाईत ‘तो वेडा आहे’ म्हणून दोघांना चिकटवून टाकलं.

हे मी उगाच व्याकरणाचं खूळ म्हणून सांगत नाही, कायद्याची भाषासुद्धा याच वाटेने आलीय. इंग्रजांचा १९१२ चा कायदा ‘ल्युनसी’चा होता, म्हणजे चंद्रामुळे डोकं फिरतं या समजुतीतून आलेला शब्द. १९८७ च्या कायद्यात ‘मानसिक रुग्ण व्यक्ती’ अशा धाटणीचा शब्द आला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’. शंभरेक वर्षांनी कायदा ‘त्याला आजार आहे’ इथे पोचला, आपली आजी तिथे आधीपासूनच बसलेली होती.

स्किझोफ्रेनिया हा शब्द तसाच ठेवा. त्याचं मराठी छिन्नमनस्कता असं करतात आणि तिथेच फसगत होते. १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरने ग्रीकमधले फुटणे आणि मन हे दोन शब्द जोडून हे नाव केलं, त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना यांचा एकमेकांशी असलेला सांधा सुटतो. लोकांनी ऐकलं की एका माणसात दोन माणसं. ते नाहीये, दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व हा प्रकार पूर्ण वेगळा. जपानमध्ये पण या आजाराचं नाव ‘मन फुटल्याचा रोग’ अशाच अर्थाचं होतं, पेशंटच्या घरच्यांनी मागणी लावून धरली आणि २००२ मध्ये नाव अधिकृतपणे बदललं, आता ते साधारण ‘मेळ बिघडण्याचा विकार’ असं आहे. आपल्याकडे कुणी तेवढी मेहनत घेतली नाही, पण निदान छिन्न तरी म्हणू नका. ताई, तुमच्या पात्राने सकाळी गरीब आणि संध्याकाळी खुनशी व्हायचं नाही, एवढं यातून घ्या.

आता माझी एक चूक सांगतो. कॉलेजच्या गॅदरिंगला मी एक एकांकिका लिहिली होती आणि त्यात एक ‘वेडा’ होता. केस पिंजारलेले, एका पायात चप्पल, उगाच खदाखदा हसायचा आणि मधूनच एक फार शहाणं वाक्य बोलायचा, म्हणजे टाळी. टाळी आलीही. नंतर मागे चहाच्या टपरीवर वर्गातली एक मुलगी आली, गल्लीतलं ते घर म्हटलं ना, त्याच घरातली, आणि शांतपणे म्हणाली, ‘माझा दादा हसत नाही रे. हसला असता तर आईने गावजेवण घातलं असतं.’

मला त्यांचा दादा रोज दिसायचा, आणि तरीही मी लिहिताना सिनेमातला वेडा लिहिला. दादा मे महिन्यात, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, कानाला मफलर बांधून ओट्यावर बसायचा. खाट खिडकीपासून फिरवून घेतली होती कारण समोरच्या स्टॉपवर थांबणारे लोक त्याच्याबद्दल बोलतात असं त्याला वाटायचं. हाताला बारीक कंप, चेहरा दगडासारखा, वजन वाढलेलं, दुपारी दोनपर्यंत झोप. यातलं बरंचसं गोळ्यांचं पण असतं हे मला फार उशिरा कळलं. आणि दिवसच्या दिवस काहीच नाही. आंघोळ नको, बोलणं नको, कशात मन नाही. हा ‘काहीच नाही’वाला भाग आजाराचाच असतो आणि रोलप्लेमध्ये तो कुणीच लिहीत नाही, कारण त्यात सीन होत नाही. लोक त्याला आळशी म्हणतात, तेच म्हणू द्या बाकीच्या पात्रांना, खरं वाटेल.

घरची भाषा काय होती सांगतो. त्या घरात स्किझोफ्रेनिया शब्द मी कधी ऐकला नाही. आजाराला ‘ते’ म्हणायचे, ‘त्याचं ते वाढलंय’. औषधाला नुसतं ‘गोळी’. पाहुणे बसलेले असले की त्याची आई आतून हाक मारायची, ‘जेवना का रे?’ आणि तो ‘हा’ म्हणायचा, आणि गल्लीत सगळ्यांना माहिती होतं की ती जेवणाचं विचारत नाहीये, गोळी घेतली का विचारतेय. शेजारपाजारचे म्हणायचे ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘बाहेरचं असेल’, ‘सैलानीला नेऊन आणा एकदा’ (सैलानी म्हणजे बुलढाण्याकडचा दर्गा, तिथे अशा आजाऱ्यांना नेतात). एक मामा म्हणायचे ‘टेन्शन घेतलं त्याने फार’. हे वाक्य नीट बघा, सगळ्यात सभ्य वाटतं आणि सगळ्यात जास्त टोचतं ते हेच, कारण ‘घेतलं’. त्याने घेतलं, म्हणजे चूक त्याची, घ्यायला नको होतं. ‘मनाला लावून घेतलं’ तसंच. ‘ला’ गेला आणि ‘ने’ आला की आजाराचा गुन्हा होतो. तुमच्या गोष्टीतला वाईट माणूस येडा म्हणून ओरडणारा करू नका, टेन्शन घेऊ नको म्हणणारा करा.

म्हणजे बाकीच्या पात्रांनी येडा म्हटलं तर चालेल का, तर चालेल, गावात म्हणतातच, ते पुसून टाकलं तर गोष्ट खोटी होईल. फक्त कथन करणाऱ्याच्या ओळीत, म्हणजे तुम्ही ताऱ्यांच्या खुणांमध्ये जे लिहिता ना, *तो उठून दारापर्यंत जातो* वगैरे, तिथे येडा नको, मनोरुग्णही नको. तिथे त्याचं नाव. आणि ग्रुपमध्ये सुरू करण्याआधी विचारून घ्या, कुणाच्या घरी असं असू शकतं आणि ते सांगत नसतात.

दोन शब्द अजून, कारण इथे चांगलं लिहिणारेही चुकतात. भास आणि संशय. हे दोन्ही बाहेरच्या माणसाचे शब्द आहेत. ‘मला भास होतो’ असं तोच म्हणेल ज्याला कळतंय की ते खरं नाही, बेल वाजल्याचा भास झाला म्हणतो तसं. ज्याला आवाज येताहेत तो बहुतेक वेळा म्हणेल ‘ते बोलताहेत’. ‘मला संशय येतो’ पण नाही, ‘मला माहितीये’. बरेच वर्षं गोळी चालू असलेला, थोडं उमगलेला माणूस कदाचित ‘ते परत सुरू झालं’ म्हणेल. तुमचं पात्र यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे ते आधी ठरवा, शब्द त्यावरून सुचतील.

आणि आवाज कुठल्या भाषेत बोलतात? स्टॅनफोर्डच्या मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता, अमेरिकेतलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई, प्रत्येक ठिकाणचे २० जण, सगळ्यांना आवाज ऐकू येणारे. अमेरिकेतले लोक जास्त करून मारामारीचे, भीतीचे आवाज सांगत होते. चेन्नईतल्या अर्ध्याहून जास्त लोकांना ऐकू यायचे नातेवाईक, आणि ते बऱ्याचदा घरातली कामं सांगायचे, रागवायचे. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसलो होतो. आपण रोलप्लेमध्ये आवाज कसे लिहितो, घोगरे, प्रमाण मराठीत, ‘मार त्याला’ वगैरे, इंग्रजी सिनेमातून उचललेले. अमळनेरकडच्या पोराच्या कानात आवाज आला तर तो अहिराणीत येईल, बहुतेक काका नाहीतर गेलेल्या आजीचा असेल, आणि म्हणेल ‘ऊठ, पानी उनं’, म्हणजे पाणी आलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे या वाक्यावर माणूस खाडकन उठतोच, रात्री दोन वाजता हंडा घेऊन कोरड्या नळाखाली उभं राहिलेलं पात्र लिहून बघा, त्याला खुनी करायची गरज पडणार नाही. तसंही असे लोक दुसऱ्याला मारण्यापेक्षा दुसऱ्यांचा मार खाण्याची शक्यता जास्त असते.

तर ओळखीच्या ओळीत असं लिहा: नाव, वय ३१, बारावीनंतर कॉलेज सुटलं, मोटार रिवाइंडिंग येतं, आठ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, गोळी चालू. याच क्रमाने. आणि एखाद्या दिवशी तुम्हाला खेळायला जमणार नसेल किंवा पात्र आज बोलणार नसेल, तर आईच्या पात्राने दारातून एवढंच सांगायचं, ‘त्याले आज बरं नही. सकाय येजो.’ सकाय म्हणजे उद्या.