"मॅडम, हे पत्ते म्हणजे जुगारच ना?"

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा झाला आणि माझ्याकडे एक प्रश्न वारंवार यायला लागला. 'रमी बंद झाली ना? मग आमच्या मुलाचे पत्ते कसे काय चालू आहेत?' ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये हा प्रश्न घोडबंदर रोडच्या टॉवरमधून येतो, तसाच लोकमान्यनगरातूनही येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील नसतात, आई असते.

प्रश्नाचं कायद्यापुरतं उत्तर सोपं आहे. त्या कायद्याचा रोख पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावण्यावर आहे. मुलं मोबाईलवर खेळतात त्या कार्डांच्या खेळात तुम्ही पैसे घालता, पण जिंकून पैसे परत येत नाहीत, पुढची कार्डं मिळतात. म्हणून तो जुगार ठरत नाही. घरखर्चाच्या वहीला मात्र हा फरक कळत नाही.

सुजाताताई आणि तन्मय (नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) आले तेव्हा ताईंच्या हातात बँकेच्या स्टेटमेंटची प्रिंट होती. काही ओळींखाली लाल पेनने रेघा मारलेल्या. कुठे 89 रुपये, कुठे 449. चार महिन्यांत एकोणीस हजारांच्या आसपास. मुलगा बारावी सायन्सला, आईच्या फोनचा यूपीआय पिन त्याला तोंडपाठ.

"याला पत्त्यांची चटक लागलीय, मॅडम," ताई म्हणाल्या. "मी ॲप काढून टाकलं, तर हा दोन दिवस जेवला नाही."

तन्मय खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हे पत्ते नाहीयेत. हिला कितीदा सांगितलं."

दोघांचंही म्हणणं मला अर्धं पटलं होतं, पण पहिल्याच भेटीत असं बोलायचं नसतं. मी तन्मयला एवढंच म्हटलं, "तुझा डेक दाखव."

वाचकांसाठी थोडं सांगते. गणितात संशोधन केलेल्या रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन माणसाने 1993 मध्ये 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ काढला. प्रत्येकाने आपापली कार्डं जमवायची, त्यांतली निवडून डेक बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं, अशी कल्पना. कार्डं मिळायची बंद पाकिटातून, आत काय आहे ते फोडल्यावरच कळायचं. पुढे हे सगळं पडद्यावर आलं. 2014 मध्ये हार्थस्टोन, 2022 मध्ये यु-गी-ओ मास्टर ड्युएल, 2024 मध्ये पोकेमॉन टीसीजी पॉकेट. बहुतेक खेळ फुकट सुरू होतात, पाकिटं मात्र विकत मिळतात. तन्मयचा खेळ याच जातीचा, नाव सांगायची गरज नाही.

डेक दाखवताना हा मुलगा वेगळाच दिसायला लागला. मान वर आली, आवाज मोकळा झाला. एक सोनेरी काठाचं कार्ड दाखवून म्हणाला, "हे सगळ्यात भारी, पण मी काढून टाकलं. आठव्या चालीआधी खेळताच येत नाही. तोपर्यंत हातात अडकून बसतं आणि मी पाचव्या चालीलाच मरतो. म्हणून सुरुवातीला स्वस्तातली कार्डं जास्त ठेवली."

"आवडतं कार्ड काढून टाकताना वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण डेक म्हणून बघायचं असतं."

सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकून मी मनात टिपून ठेवलं. शेकडो कार्डांतून मोजकी निवडायची, शक्यता ताडायची, समोरच्याच्या हातात काय असेल त्याचा अंदाज बांधायचा, नशिबाने दगा दिला तरी त्यातल्या त्यात बरी चाल शोधायची, ही काही टवाळकी नव्हे. भुजच्या तीर्थ मेहताने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हार्थस्टोनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तो प्रात्यक्षिक खेळ होता, पदकतालिकेत धरला गेला नाही, पण भारताचं नाव तिथे लागलं. हे मी आईवडिलांना मुद्दाम सांगते. मुलगा ज्यात तीन तास डोकं घालतो त्यात डोकं लागतं, एवढं मान्य केल्याशिवाय तो तुमचं पुढचं ऐकत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. मी तन्मयला म्हटलं, पाकिटातून काय निघण्याची किती शक्यता आहे ते खेळात कुठेतरी लिहिलेलं असेल, शोध. चीनने 2017 मध्ये कंपन्यांना ही माहिती उघड करायला लावली, त्याच वर्षाअखेर ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसा नियम केला, त्यामुळे हल्ली ती सापडते. त्याला हवं असलेलं कार्ड एका पाकिटात निघण्याची शक्यता निघाली एक टक्का. "मग शंभर पॅक काढले तर?" मी विचारलं. तो "मिळणारच" म्हणाला, आणि लगेच गप्प झाला. मग मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 0.99 चा शंभरावा घात काढला. उत्तर आलं 0.366. म्हणजे शंभर पॅक फोडूनही ते कार्ड न मिळण्याची शक्यता जवळपास 37 टक्के.

"तिघांतल्या एकाला शंभरनंतरही ठेंगा," तो हसला. मला वाटलं, गाडी रुळावर आली. त्याच रात्री त्याने पुन्हा 449 रुपयांचं पॅक घेतलं आणि पुढच्या भेटीत ते स्वतःच सांगितलं. गणित येतं म्हणून हात थांबतो असं नाही. तसं असतं तर ठाण्यातला एकही इंजिनिअर ऑप्शन ट्रेडिंगमध्ये बुडाला नसता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा पिंड पोसलेला आहे, आणि मला त्याचा अभिमानही आहे. त्यामुळे माणसाने काय केलं यापेक्षा करण्याच्या आदल्या क्षणी तो स्वतःशी काय बोलला, याचा शोध मी आधी घेते. ताईंच्या त्या प्रिंटची झेरॉक्स काढून मी तन्मयला दिली. प्रत्येक लाल रेघेसमोर लिहायचं, पैसे भरण्याच्या दहा मिनिटं आधी काय घडलं होतं.

कागद भरून आला. 'हरलो.' 'सलग चार हरलो.' 'रँक गेली.' 'परत हरलो.' एका ओळीसमोर 'क्लासच्या टेस्टचे मार्क.' नवीन संच आला म्हणून, हौसेने घेतलेली पाकिटं फक्त दोन. वेळा बहुतेक रात्री बारानंतरच्या.

"हरल्यावर मनात काय येतं?"

"की माझ्याकडे चांगली कार्डं नाहीत."

"आणि त्याच्या आधी?"

बराच वेळ गेला. "की मी फालतू आहे."

रँक घसरली म्हणजे आपण घसरलो, आणि 449 रुपयांत ते भरून काढता येतं. गंमत बघा, जिंकताना त्याला कधीच पाकीट लागलं नव्हतं. सगळ्यात वरच्या रँकला तो त्याच्या स्वस्तातल्या डेकवर पोचला होता. हे मी त्याला सांगितलं नाही. कागद त्याच्यासमोर होता, त्यालाच दिसलं.

मात्र घरातलं भांडण तसंच राहिलं. ताईंची भीती या कागदाने हलली नाही, उलट वाढली. एकोणीस हजार जाणं वाईटच, पण त्या चेहऱ्यावर एकोणीस हजारांची भीती नव्हती, त्याहून जुनी काहीतरी होती. एक प्रश्न मी ती दोघं एकत्र बसतील त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. "ताई, पत्ते तुम्ही पहिल्यांदा कुठे बघितले?"

त्या आधी म्हणाल्या, "कुठे म्हणजे? सगळीकडे असतात." मग पदराशी चाळा करत बोलायला लागल्या. लालबागची चाळ. वडील, म्हणजे अण्णा, गिरणी कामगार. 1982 चा संप झाला, त्यांचं काम गेलं ते गेलंच. दुपारी चाळीच्या टोकाच्या खोलीत तीन पत्ती बसायची. "आई मला बोलवायला पाठवायची. मी असेन आठ-नऊ वर्षांची. दारात उभी राहायचे. अण्णा माझ्याकडे न बघताच म्हणायचे, हा शेवटचा, बाय, आलोच. मी उभीच. मग परत, हा शेवटचा." त्या थांबल्या. "आईच्या पाटल्या अशाच गेल्या. एकेक करून."

तन्मयला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्यासाठी आजोबा म्हणजे हार घातलेला फोटो. तो आईकडे बघतच राहिला आणि मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "मॅडम, मी पण तेच म्हणतो. पॅक घेताना. हा शेवटचा."

खोलीत कोणी काही बोललं नाही. मीही नाही. इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट मला नक्की जमायला लागली आहे, अशा वेळी तोंड बंद ठेवणं.

ताईंनीच शांतता मोडली. "म्हणजे तू खेळतोस तेव्हा नाही म्हणत? फक्त पाकीट घेताना?"

"खेळताना कशाला म्हणू? खेळ संपला की संपतो."

हा प्रश्न मी विचारला असता तर तो समुपदेशकाचा झाला असता. आईने विचारला म्हणून गाठ सुटली. त्या एका ॲपमध्ये दोन गोष्टी शेजारी-शेजारी बसल्या आहेत, एक खेळ आणि एक दुकान. मुलगा खेळाची बाजू घेऊन भांडतो, आई दुकानाला घाबरून सगळंच बंद करते, आणि दोघांना वाटतं आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. बेल्जियममध्ये 2018 साली तिथल्या जुगार आयोगाने पैसे भरून फोडायच्या अशा आंधळ्या पेट्या काही खेळांच्या बाबतीत जुगारात धरल्या. आक्षेप पेट्यांवर होता, त्या ज्या खेळांत होत्या त्या खेळांवर नाही. ताईंची भीती म्हणजे वेडेपणा नव्हता, ती फक्त चुकीच्या दाराशी उभी होती.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी ॲप उडवायला सांगत नाही. दुकान बांधून घ्या. यूपीआय पिन आजच बदला. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग करा. मुलाला हौस असेल तर महिन्याची एक रक्कम ठरवा, ती त्याच्या पॉकेटमनीतली असू दे, आणि खरेदीची तारीख आधीच ठरलेली असू दे. हरल्याच्या रात्री दुकान बंद. तन्मयच्या घरी हाच एक नियम सगळ्यात जास्त कामी आला, कारण तो त्याने स्वतः मांडला.

मुलांना दोन गोष्टी सांगते. यातल्या बऱ्याच खेळांत कार्डं विकताच काय, मित्राला देताही येत नाहीत. हार्थस्टोनमध्ये सगळ्यात दुर्मीळ प्रकारचं कार्ड बनवायला 1600 धूळ (खेळातलं चलन) लागते, तेच मोडलं तर 400 मिळते. बाजार इतका एकतर्फी आहे. शिवाय दर वर्षी जुने संच मुख्य स्पर्धेतून बाद होतात, म्हणजे आज घेतलेल्या कार्डाचं वय ठरलेलं. आणि खेळाची दोरी शेवटी कंपनीच्या हातात. हार्थस्टोन काढणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचा चीनमधला करार 2023 च्या सुरुवातीला संपला आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून हार्थस्टोन हा खेळच वगळला गेला. तयारी करणाऱ्या खेळाडूंचा त्यात काय दोष होता?

काही घरांत प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. मुलगा शाळा-कॉलेज बुडवत असेल, झोप उडाली असेल, घरातले पैसे चोरून खोटं बोलत असेल आणि कळूनही सुटत नसेल, तर नियम करत बसू नका, माणूस गाठा. टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलतात. दुसऱ्या टोकाला, रोज तासभर खेळून अभ्यासाला बसणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणू नका. ते लेबल चिकटलं की मूल तसंच वागायला लागतं.

तन्मयने दिवाळीत एक पॅक घेतलं, ठरलेल्या तारखेच्या आधी. आईला जाऊन सांगितलं. ताईंनी मला फोन केला, त्यांना माझ्याकडून ओरडा हवा होता, त्याला की स्वतःला ते मला कळलं नाही. मी विचारलं, किती वाजता घेतलं? "दुपारी," त्या म्हणाल्या. "नवीन संच आला म्हणे. हरला नव्हता, मी विचारलं."

मग पुढच्या महिन्याच्या पॉकेटमनीतून तेवढे कापा, म्हटलं, आणि फोन ठेवला.