ट्रीटमेंट संपली, मग आता रडू का येतंय?

प्रश्न : ताई नमस्कार. मी 44 वर्षांची, सांगली जिल्ह्यातली, शाळेत शिकवते. मागच्या वर्षी डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठीही काढल्या, मग आठ केमो आणि लाईट, म्हणजे रेडिएशन. सगळं संपून साडेतीन महिने झाले, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून फक्त टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी. शेवटची लाईट झाली त्या दिवशी घरी पेढे वाटले, सासूबाई जोतिबाला जाऊन नवस फेडून आल्या, तेव्हापासून सगळ्यांच्या हिशोबाने मी बरी झालेय. पण मला चार पोळ्या लाटल्या की आडवं व्हावं लागतं, पायाच्या बोटांना मुंग्या येतात, वर्गात मुलांची नावं ऐनवेळी आठवत नाहीत. केमो चालू होती तेव्हा एकदाही रडले नाही आणि आता भांडी घासता घासता रडू येतं. पाठ दुखली तरी वाटतं परत आलं. पुढच्या महिन्यात चेकअप आहे, आत्तापासून झोप उडालीय. मिस्टर म्हणतात विसर आता ते सगळं. माझंच काही चुकतंय का? आणि डाव्या हातातल्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्यात, वजन वाढलंय म्हणून असेल.

उत्तर : अगं, आधी बांगड्यांचं बोलू, कारण तू ते शेवटी एका ओळीत टाकलंयस आणि माझी नजर तिथेच अडकली. वजनाने झालं असतं तर दोन्ही हातातल्या घट्ट झाल्या असत्या ना! काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत वर जायचा रस्ता अरुंद होतो आणि हाताला हळूहळू सूज धरते, त्याला लिम्फेडिमा म्हणतात. पण सूज त्यामुळेच आहे की दुसऱ्या कशाने, कारण टॅमॉक्सिफेनने कधीकधी रक्ताची गुठळीसुद्धा होऊ शकते, हे डॉक्टरांनीच बघायला हवं. म्हणून पुढच्या महिन्याच्या चेकअपची वाट बघू नकोस, याच आठवड्यात दाखव. त्या हातातल्या बांगड्या, अंगठी आजच काढ, नंतर निघायच्या नाहीत. शिलाईची टेप घे आणि दोन्ही हातांचं मनगट आणि कोपराच्या खाली चार बोटांवर माप घेऊन तारखेसकट लिहून ठेव, डॉक्टरांना ते फार उपयोगी पडतं. लिम्फेडिमाच असेल तर सुरुवातीला घट्ट बाही (कॉम्प्रेशन स्लीव्ह) आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हलका मसाज यांनी तो बराच आटोक्यात राहतो. कुणी प्रेमाने तेल लावून जोरात चोळून देते म्हणालं तर नको म्हण. भांडी घासताना हातमोजे घाल, कुकरची वाफ, सुरी, गुलाबाचा काटा यांना जप, आणि हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आता रडण्याचं. तेव्हा रडायला वेळ होता का तुला? दर तीन आठवड्यांनी तारीख, त्याआधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी कमी आल्या की केमो पुढे, डबा कोण आणणार, मुलांना कोण बघणार. माझी स्वतःची ट्रीटमेंट अकरा वर्षांपूर्वी संपली तेव्हा शेवटच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या गेटवर ती जाडजूड फाईल छातीशी धरून उभी होते, रिक्षावाला विचारतोय कुठे जायचं आणि मला घरचा पत्ता सांगताच येईना. उद्या कुणी बोलवलेलं नाही, कुणी तपासणार नाही, हे त्या क्षणी अंगावर आलं. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं तेव्हाच बाहेर यायला लागतं. तुझं काहीही चुकत नाहीये. मिस्टरांना हे उत्तर वाचायला दे, ते विसर म्हणतात कारण तेही घाबरलेले आहेत, त्यांना म्हण की विसरायला नका सांगू, चेकअपला सोबत चला.

हा थकवा नुसतं झोपून जात नाही, उलट वाढतो. कित्येक महिने राहतो, कुणाकुणाला वर्षापेक्षा जास्त. एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 तपासून घे. मग डॉक्टरांना विचारून चालायला लाग, आधी रोज दहाच मिनिटं, अंगणात चाललीस तरी चालेल, आणि हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जा, पण एखाद्या दिवशी नाही जमलं तर स्वतःला बोल लावू नकोस. जड कामं सकाळी उरकायची, पोळ्या बसून लाटायच्या किंवा दुसऱ्या कुणी लाटायच्या. मुंग्या केमोच्या असतात, बऱ्याच जणींच्या काही महिन्यांत कमी होतात, फार त्रास असेल तर गोळ्या मिळतात. तोवर घरातही चप्पल घाल, रात्री पाय नीट बघ, कारण बधिर पायाला खरचटलेलं कळत नाही. नावांसाठी टेबलावर बाकांचा नकाशा काढून ठेव. विसरणंही केमोनंतर होतं, ते वेड लागणं नव्हे.

परत येण्याची भीती पूर्ण जाईल असं मी तुला खोटं सांगणार नाही. माझी चेकअपच्या आदल्या रात्री अजून डोकं वर काढते. पण मी एक नियम केलाय, नवं दुखणं आलं की वहीत तारीख टाकायची, दोन आठवडे टिकलं किंवा रोज वाढत गेलं की फोन करायचा, उगाच रात्री मोबाइलवर शोधत बसायचं नाही. एकदम जोरात काही झालं, धाप लागली किंवा एक पाय सुजून दुखायला लागला तर मात्र थांबायचंच नाही. टॅमॉक्सिफेनची गोळी मनाने बंद करू नकोस, अंगातून वाफा निघाल्या तरी. पाळीसारखं नसलेलं कुठलंही ब्लीडिंग लगेच सांग. आणि उदासीसाठी कुणी गोळी दिली तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांग, काही गोळ्यांनी त्याचा असर कमी होतो. रडू दोन आठवडे रोजच येत राहिलं, जेवण तुटलं किंवा जगणं नको वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन कर, फुकट आहे, रात्रीसुद्धा चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वडील 61 वर्षांचे, गालाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन पाच महिने झाले. रिपोर्ट चांगले आहेत. पण तोंड जेमतेम एक बोट उघडतं, जेवताना सांडतं म्हणून आमच्यात बसत नाहीत, लग्नाकार्याला येत नाहीत. खा म्हटलं की चिडतात.

उत्तर : तोंडाचा व्यायाम थांबलाय का ते आधी बघा, साधारण तीन बोटं उघडायला हवं आणि रेडिएशननंतर व्यायाम सुटला की ते आणखी आवळत जातं. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दुखणार नाही इतपतच, दिवसातून पाच-सहा वेळा, जमेल तशी एकेक काडी वाढवायची, पण कसं ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या. लाळ कमी झालेली असणार, म्हणून पाण्याची बाटली सतत हाताशी, पातळ वरण-भात, ताक, तिखट बंद. दात दुखला तर रेडिएशन झालंय हे सांगितल्याशिवाय कुठल्याही डेंटिस्टला दात काढू देऊ नका, जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. मानेला रेडिएशन होतं तर थायरॉइडही सहा महिने ते वर्षाने तपासा, त्यांच्या गप्प बसण्यात त्याचाही हात असू शकतो. घरात अजून कुणाच्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर ती आजच जाऊ द्या.

खा म्हणणं जरा थांबवा. लोकांसमोर ओघळतंय ही लाज त्यांना भुकेपेक्षा मोठी वाटतेय. सगळ्यांत बसवायची घाई नको, तुम्ही एकटेच त्यांच्या खोलीत तुमचं ताट घेऊन जा आणि त्यांच्या ताटाकडे न बघता शेतीचं, पावसाचं बोला. त्यांच्या जवळच्या एखाद्या मित्राला जेवायला नको, आधी चहाला बोलवा. शेजारी नॅपकिन ठेवा, पण पुसायला तुम्ही हात पुढे करू नका, त्यांचं ते पुसतील.