जुन्या झेनचा काटा घाटात वर जातो आणि हीटर गार हवा फेकतो, म्हणजे हेड गॅस्केटच गेलं का?

एवढ्यावरून हेड (इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील) उघडायला होकार देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे गाडी 2004 ची सेकंडहँड मारुती झेन, कसारा घाट चढताना टेंपरेचरचा काटा लालकडे सरकतो, इगतपुरी ओलांडली की उतरतो, आणि निफाडच्या थंडीत हीटर फुल्ल केला तरी पायाशी गार वारा. गॅरेजवाला म्हणतो गॅस्केट उडालं. उडालं असेलही. पण या दोन तक्रारी जोडीनं आल्या की माझा पहिला संशय पाणी, म्हणजे कूलंट, कमी असण्यावर किंवा एअर लॉकवर (नळ्यांत हवा अडकण्यावर) जातो, आणि तो घरच्या घरी फिटवता येतो.

हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम कूलंट एका नळीनं आत जातं, दुसरीनं परत येतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा अर्थ कूलंट तिथवर पोचत नाहीये. काटा वर आणि हीटर मात्र भाजून काढतोय, असं असतं तर पाणी फिरतंय म्हणायचं आणि रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) यांच्या मागे लागायचं. काटा तळाशीच आणि हीटर कोमट, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, नाहीतर कुणीतरी काढून फेकलाय.

हे फेकण्याचं प्रकरण सेकंडहँड गाडीत फार. गाडी गरम होते म्हटलं की ‘वॉल’ म्हणजे हाच थर्मोस्टॅट काढायचा, फॅन डायरेक्ट करायचा म्हणजे सतत चालू ठेवायचा, हीटर गळाला तर दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून मोकळं व्हायचं. मुंबईत कुणाला पत्ताही लागत नाही, डिसेंबरात निफाडला लागतो. म्हणून आधी बॉनेट उघडून बघा, इंजिनाकडून केबिनच्या पत्र्यात शिरणाऱ्या दोन बारीक नळ्या जागेवर आहेत का.

मग सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी चालू न करता रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना चुकूनही नाही. झाकणामुळे आत दाब राहतो आणि पाणी 100 अंशांच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब जातो आणि तेच पाणी उकळत तोंडावर येतं. कूलंट गळ्यापर्यंत दिसलं पाहिजे. बाजूच्या बाटलीवर विसंबू नका. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर गार होताना रेडिएटर बाटलीतलं पाणी परत ओढत नाही, बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. झाकण स्वस्त आहे, रबर चिरलेलं असेल तर सरळ बदला.

पाणी कमी निघालं तर गाडीचं नाक चढावर करून लावा, हीटरची कळ पूर्ण लालवर, झाकण उघडं, इंजिन चालू. कूलंट थोडं थोडं ओतत राहा आणि रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी नळी) हातानं दाबत-सोडत राहा. बुडुक बुडुक करत हवा निघते, पातळी एकदम खाली बसते, पुन्हा ओता. थर्मोस्टॅट 80-90 अंशांच्या दरम्यान उघडतो, तेव्हा हा होज अचानक तापतो, हात लगेच काढा. फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा, मग झाकण लावा. आता हीटर गरम आला तर निम्मं कोडं सुटलं. उरलेलं निम्मं म्हणजे पाणी गेलं कुठे: होजच्या क्लिपा, वॉटर बॉडीखालचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाखालचा) ओघळ, आणि डावीकडच्या सीटपुढची मॅट. मॅट ओली, चिकट, गोडसर वासाची आणि काच आतून धुरकट, तर हीटरच गळतोय. एसीचं पाणी चिकट नसतं.

पाणी भरलेलं, हवा काढलेली, तरी हीटर गार? त्या दोन नळ्यांना हात लावा. एक गरम, एक गार, तर हीटर चोक आहे किंवा कळीची केबल निसटून त्याचा कॉक (पाणी सोडणारी तोटी) बंदच राहिलाय. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेल्या गाडीत क्षार साचून हे हमखास होतं, आणि तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांतही असतात. सपाटीवर ठीक, चढावर तापते, ही बहुतेक चोक रेडिएटरची खूण. उलट सिग्नलला तापली आणि हायवेवर निवली असती तर मी फॅन बघायला सांगितलं असतं. दोन्ही नळ्या गार असतील तर वॉटर बॉडी आणि तिचा बेल्ट बघा.

आता गॅस्केट. गार इंजिन चालू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं, हवा काढून झाल्यावरही रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे, ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर चहाच्या रंगाचा फेस, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. यातलं काही दिसलं तर गॅरेजवाल्याला निळ्या द्रवाची टेस्ट करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडातली वाफ त्यातून ओढतात, जळका गॅस असेल तर द्रव पिवळा पडतो. तो पिवळा पडला तर हेड खुशाल उघडू द्या, फक्त फेसिंग, म्हणजे हेडचा तळ सपाट आहे का ते, तपासून घ्या. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं असेल तर नवं गॅस्केटही टिकत नाही.

तोवर घाटात काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल्ल, काचा खाली, आणि बाजूला घ्या. काटा लालवरून एकदम खाली पडला तर हुश्श करू नका. सेन्सरभोवतीचं पाणीच संपलं की तो हवेचं तापमान दाखवतो. इंजिन तिथेच बंद करा.

कूलंट भरताना तयार मिश्रणच घ्या, किंवा निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. हिरव्यात लाल मिसळू नका.