वडिलांना हार्ट फेल्युअर आहे, त्यांनी व्यायाम करावा का?

करावा, पण तब्येत स्थिर असेल आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं असेल तरच. ‘हृदय कमजोर, म्हणून पडून राहा’ हा सल्ला आता जुना झाला. हार्ट फेल्युअरमध्ये व्यायाम चालतो का हे पाहणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-ॲक्शन या अभ्यासात २,३३१ रुग्ण होते; व्यायाम सुरक्षित ठरला, रोजचं जगणंही थोडं सुधारलं. चमत्कार मात्र नाही.

सपाट रस्त्यावर ५-१० मिनिटं चालण्यापासून सुरुवात करू द्या. चालता चालता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, ती गोळी ठोके फारसे वाढू देत नाही.

अंगात पाणी साठतंय का हे कळावं म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, पावलं सुजली किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर चालणं बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन.