ग्रहण, अधिक महिना आणि खालच्या ओठावरचे दोन खड्डे

बाळाचा ओठ फाटलेला किंवा टाळू दुभंगलेली असली, की घरचे लोक माझ्याकडे दोन प्रश्न घेऊन येतात. हे कुणाकडून आलं? आणि पुढचं मूलही असंच होईल का? पहिला प्रश्न सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात विचारला जातो. दुसरा बहुतेक वेळा आई एकटी असताना विचारते, सासूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या की.

पहिल्याचं उत्तर घरात आधीच ठरलेलं असतं: ग्रहण. गर्भारपणात ग्रहण पाळलं नाही, विळीवर काहीतरी चिरलं, सुई-कात्री हातात घेतली, म्हणून बाळाचा ओठ चिरला. जेनेटिक कौन्सेलिंग, म्हणजे घराण्यात चालणाऱ्या दोषांबद्दल घरच्यांना समजावून सांगायचं काम, करायला लागल्यापासून मी हे इतक्या वेळा ऐकलंय, की आता फाइल उघडली की आधी कॅलेंडर काढते. त्यातलंच एक घर सांगते. गाव-नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

साताऱ्याकडचं कुटुंब. आई, वडील, सासूबाई आणि मांडीवर साडेतीन महिन्यांचा मुलगा. डाव्या बाजूचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला, मागे टाळूही उघडी. बाळ अंगानं मात्र छान भरलेलं होतं आणि त्याचं श्रेय सासूबाईंचं. अशा बाळाला अंगावर ओढता येत नाही, तोंडात पोकळी धरून चोखताच येत नाही. या बाईंनी पहिल्या आठवड्यातच माळ्यावरचं बोंडलं काढलं, उकळलं, बाळाला उभं धरून आईचं काढलेलं दूध थोडं थोडं पाजत राहिल्या. ओठाच्या ऑपरेशनला साधारण साडेचार किलो वजन, 10 हिमोग्लोबिन आणि निदान 10 आठवडे वय लागतं. सगळं जमलं होतं, तारीख मिळाली होती. हेही सांगून ठेवते, की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरहूनच सुरू झाला आणि दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. ऑपरेशन त्यातून मोफत होतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला लाजू नये.

पण ज्या हातांनी नातू जगवला, त्याच हातांनी सुनेकडे बोट केलं. "कोजागिरीला ग्रहण होतं ना, तेव्हा वेध लागल्यावर ही साडीला फॉल लावत बसली होती. नको नको म्हणत होते मी. गिराण लागलं पोराला." सून खाली बघत होती. नवरा रुमालानं ओठ टिपत होता.

ग्रहण खरंच होतं. 28 ऑक्टोबर 2023, कोजागिरीची रात्र, खंडग्रास चंद्रग्रहण. मी शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि त्या वर्षीचं कॅलेंडर टेबलावर पसरलं. पाळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली, म्हणजे गर्भ राहिला जूनच्या शेवटी. बाळाचा वरचा ओठ जुळतो तो गर्भ राहिल्यापासून चौथ्या ते सातव्या आठवड्यात. टाळू त्यानंतर जुळू लागते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तिचं काम आटपतं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट. सासूबाईंना महिने इंग्रजीपेक्षा असे चटकन कळतात, म्हणून मी त्यांनाच मोजायला लावलं. अधिक सरायच्या आत ओठ व्हायचा तो होऊन गेला होता. गणपती आले 19 सप्टेंबरला, त्याच्या आत टाळूही. कोजागिरीला हिला पाचवा महिना. ओठ आधीच दुभंगलेला होता, सुई नंतर आली.

त्या बराच वेळ कॅलेंडर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग अधिकात हिच्या माहेरी काहीतरी खाल्लं असेल. जावयाला वाण द्यायला बोलावलं होतं."

मला हसू आलं, पण हे ओळखीचं आहे. नुसतं "ग्रहणानं होत नाही" म्हटलं, तर दोष पुढच्या दारात जाऊन बसतो. त्याच्या जागी खरं कारण ठेवावं लागतं. मी त्यांना करंजीचं उदाहरण दिलं. गर्भाचा चेहरा एकसंध वाढत नाही. गालांकडचे दोन भाग आणि नाकाकडचा मधला भाग वेगवेगळे वाढत एकमेकांकडे येतात आणि कडांना चिकटतात. पाण्याचं बोट नीट फिरलं नाही, तर करंजीची कड दाबूनही उकलते, तसं. सारण चांगलं, पारी चांगली, फक्त कड धरली नाही.

कड का धरत नाही? बहुतेक घरांत याला एक कारण नसतं. अनेक जनुकांचे बारीक बारीक फरक आई आणि वडील दोघांकडून येतात, त्यात बाहेरचं काही मिसळतं आणि त्या नेमक्या दिवसांत मेळ चुकतो. बाहेरचं म्हणजे विडी-सिगारेटचा धूर (नवऱ्याचा ओढलेलासुद्धा), दारू, गर्भ राहण्याआधीपासून ताब्यात नसलेली साखर, फिटची काही औषधं. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट ही नावं लक्षात ठेवा, पण गोळ्या मनानं बंद करू नका. फिट येणं आई-बाळ दोघांनाही जास्त घातक. डॉक्टरांना विचारून दिवस राहायच्या आधीच गोळी बदलता येते. नुसत्या जनुकांनी सगळं ठरत नाही, हे जुळ्यांवरून कळतं. अगदी एकसारख्या जुळ्यांत एकाला हा दोष असला, तर दुसऱ्याला असण्याची शक्यता जवळपास निम्मीच असते.

अशा घरात, म्हणजे आई-वडिलांना किंवा जवळच्या नात्यात कुणाला काही नसताना एका मुलाचा ओठ-टाळू दुभंगली असेल, तर पुढच्या मुलाला तसं होण्याची शक्यता साधारण 4 टक्के. एरवी सातशे बाळंतपणांत एक असं बाळ येतं, त्या मानानं हे जास्त आहे. पण शंभरातल्या 96 वेळा होत नाही, हेही तितकंच खरं. दोन मुलांना झालं असेल, तर आकडा 10 टक्क्यांच्या आसपास जातो. फक्त एका बाजूचा ओठ असेल तर कमी, दोन्ही बाजूंचा असेल तर जास्त.

हा 4 चा आकडा मी कुठल्याही घराला पहिल्या पाच मिनिटांत सांगत नाही. आधी तीन पिढ्यांची वंशावळ काढते. चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा. मामे-आते नात्यातलं लग्न आहे का, कुणी बाळ दगावलं का, कुणी नाकातून बोलतं का, लहानपणी कुणाच्या नाकातून दूध यायचं का, दात कमी आहेत का. तेही पुरत नाही. समोर बसलेल्या माणसांची तोंडं बघावी लागतात, आणि दुभंगलेल्या ओठाच्या बाळात सगळे जण वरचाच ओठ बघतात.

मी बाळाचा खालचा ओठ बघितला. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना टाचणीनं टोचल्यासारखे दोन खड्डे होते. मग नवऱ्याकडे बघितलं. तो पुन्हा रुमाल ओठाला लावत होता. "जरा रुमाल काढता?" त्याच्याही खालच्या ओठावर तसेच दोन खड्डे, आणि त्यातून लाळेचा बारीक थेंब येत होता. लहानपणी पडून दात लागले असतील, असं तो समजत आला होता. सासूबाई एकदम म्हणाल्या, "ह्याच्या वडलांनाही होते की असे. देखणे दिसायचे त्यांना."

याला व्हॅन डर वूड सिंड्रोम म्हणतात. अॅन व्हॅन डर वूड या डॉक्टरबाईंनी 1954 मध्ये खालच्या ओठावरचे खड्डे आणि दुभंगलेला ओठ-टाळू एकाच घराण्यात एकत्र चालतात, हे मांडलं. 2002 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं, पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरचं आयआरएफ6. सगळ्या दुभंगलेल्या ओठ-टाळूंमध्ये असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास. पण ते ओळखू न येण्याची किंमत मोठी असते, कारण इथे 4 टक्के लागू नाहीत. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली तरी पुरते, आणि ती प्रत प्रत्येक गरोदरपणी बाळाकडे जाण्याची शक्यता 50 टक्के. एकाला झालं म्हणून पुढचं सुटलं, असा हिशेब नाही. त्यातही प्रत आली म्हणजे फट येईलच असं नसतं. आजोबांना नुसते खड्डे, वडिलांना नुसते खड्डे, नातवाला ओठ आणि टाळू दोन्ही. एकाच घरात कुणाचा ओठ आणि कुणाची फक्त टाळू, ही या सिंड्रोमची एक खूण आहे.

हे सांगितल्यावर खोलीतली हवा बदलली. सुनेनं पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "म्हणजे फॉलनं काही नाही झालं ना?" मी नाही म्हटलं. तिनं थोड्या वेळानं परत तेच विचारलं, मी परत नाही म्हटलं. नवरा मात्र इतका पडला होता, की आता दोष त्याच्या ओठावर येऊन बसलेला मला दिसत होता. त्याला म्हटलं, तुम्हाला हे वडिलांकडून आलं, त्यांना कुणाकडून आलं असेल किंवा त्यांच्यातच नव्यानं झालं असेल. यात कुणी काही केलेलं नाही. माझ्या मते या कामातला सगळ्यात अवघड भाग इथे असतो. विज्ञानही घरच्यांच्या हातात चाबूक होऊ शकतं, आणि सासरी तर फार लवकर.

सासूबाईंचं लक्ष एव्हाना भलतीकडेच होतं. "हे कागदावर लिहिता का तुम्ही? मुलीचं जमवतोय." वंशावळीत नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचा गोल मी नुकताच काढला होता. ती जरा गेंगाणं बोलते, लहानपणी सारखा कान फुटायचा, हे त्यांनीच दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं. मी सांगितलं, की फाइल कुणाला दाखवत नाही आणि मुलीला मी फोन करणार नाही. पण तिला कळायचा हक्क आहे, आणि ते तिच्या भावानं सांगावं. त्याला एक साधं पत्र दिलं, नाव नसलेलं: कुटुंबात अमुक आढळलं आहे, वाटल्यास तपासणीला यावं.

बाळाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये आयआरएफ6 मधला बिघाड मिळाला, वडिलांमध्येही तोच. पुढच्या बाळाबद्दल दोघांशी सविस्तर बोललो. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासून बाळात तो बिघाड आहे की नाही ते कळतं. फट असेल का, किती असेल, ते कळत नाही. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठ चांगला दिसतो, नुसती टाळू बऱ्याचदा निसटते. त्यांनी रक्त-वारेच्या तपासणीत न पडता सोनोग्राफीवर राहायचं ठरवलं. ओठ शिवल्यावर मुलगा कसा दिसतो, हे तोवर त्यांनी बघितलं होतं. दुसरं एखादं जोडपं वेगळं ठरवेल, त्यांनाही मी अडवणार नाही.

बहीण दिवाळीनंतर एकटीच आली. ओठ अगदी साफ, खड्डे नाहीत. आ करायला सांगून टॉर्च मारला, तर पडजीभ दोन फाकांची. टाळू वरून अखंड दिसत होती, पण बोटाला मागच्या कडेला खाच लागत होती: त्वचेखाली स्नायू जुळलेलेच नव्हते. म्हणून आवाज नाकातून, म्हणूनच कानात पाणी साचणं. "म्हणजे मी मुद्दाम तसं बोलत नव्हते," ती म्हणाली. शाळेत बाईंनी तिला नीट बोल म्हणून वर्गात उभं करून वाचायला लावलं होतं. टाळूचं ऑपरेशन आणि स्पीच थेरपी यांनी मोठ्या वयातही आवाजात फरक पडतो, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. (गेंगाणं बोलणाऱ्या मुलाचे अॅडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, काढायचं कुणी म्हटलं, तर आधी पडजीभ बघायला सांगा. अशा टाळूत ते काढल्यावर आवाज आणखी नाकात जातो.)

ज्या मुलाशी तिचं जमत होतं, त्याला हे सांगावं का, असं तिनं विचारलं. माझं मत तिनं मागितलं म्हणून दिलं: सुपारी फुटायच्या आधी, स्वतः सांगावं, आईच्या तोंडून नको. त्या दिवशी तिनं रक्त दिलं नाही. आधी बोलते, मग देते म्हणाली. भावाच्या रिपोर्टमुळे तिची फक्त तेवढी एकच जागा तपासायची आहे, काम लवकर आणि कमी पैशात होतं. फॉलिक अॅसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या महिनाभर आधी सुरू करायची, हे मात्र तिला आणि वहिनीला दोघींनाही लिहून दिलं. आयआरएफ6 चा बिघाड त्यानं जात नाही. मणक्याच्या दोषांपासून मात्र बाळाचं रक्षण होतं, आणि ते प्रत्येकीलाच हवं.

तुमच्या घरात असं बाळ असेल, तर यायच्या आधी दोन्हीकडच्या माणसांचे खालचे ओठ एकदा उजेडात बघा आणि आ करून पडजिभा बघा. जे हयात नाहीत त्यांचे लग्नातले फोटो आणा. शेवटच्या पाळीची तारीख, त्यानंतरच्या तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आणि आधीची सोनोग्राफी आणा. फोटो मोबाइलमधले चालतील, फक्त फिल्टर लावलेले नकोत, त्यात खड्डे पुसले जातात.