कोरोनात चर्च बंद असताना सुरू झालेले घरगुती प्रार्थना गट आता चालू ठेवावेत का?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यातल्या तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, लॉकडाऊनमध्ये पाच-सहा घरांचे गट पाडले होते. आता रविवारची उपासना पूर्ववत झाली, तर गट कशाला हवेत, असं काही वडीलधारे म्हणतात. मी मिरजेचा. आमच्याकडेही असेच गट झाले आणि आमचा अजून आहे. बंद करू नका, असंच मी सांगेन. फक्त गट म्हणजे छोटी उपासना असं समजून चालवलात, तर तो फार टिकणार नाही.

मार्च 2020 मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबातले रुग्ण सापडले, तेव्हापासून सांगली जिल्ह्यात धास्ती होती. पाठोपाठ सगळंच बंद झालं. ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), 12 एप्रिलचा ईस्टर, सगळं घरात. पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, उपदेश मोबाइलवर यायचा आणि तो मनापासूनचा असायचा. पण मोबाइलवर कोण आलं नाही ते कळत नाही. चर्चमध्ये नेहमीच्या बाकावरचं माणूस दिसलं नाही, तर बाहेर पडताना कुणीतरी विचारतंच, "मावशी दिसल्या नाहीत आज?" गटानं हेच विचारण्याचं काम उचललं.

आमच्यातल्या काही आजींकडे बटणांचे फोन. म्हणून व्हिडिओचा नाद सोडला आणि संध्याकाळी साध्या कॉन्फरन्स कॉलवर यायला लागलो. फोनवर एकत्र गाता येत नाही, आवाज मागेपुढे होतात. मग एकानं भजन म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. बायबलमधलं स्तोत्र मात्र एकेक वचन वाटून घ्यायचो. 121 व्या स्तोत्रात आठ वचनं आहेत. त्यातलं शेवटचं, जाण्यायेण्यात परमेश्वर सांभाळील हे, एका आजींनी स्वतःकडेच ठेवलं होतं. त्यांची सून कोविड वॉर्डात नर्स. तिची रात्रपाळी असली की आजी ते वचन दोनदा म्हणायच्या, आणि त्यांचं होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही.

प्रार्थना संपली की खरं काम सुरू व्हायचं. कुणाला ताप आहे, कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, कुणाचा पगार अडकलाय. एक बाई सगळं वहीत टिपून घ्यायच्या, पोरं औषधं आणि डबे दारात ठेवून यायची. दुसऱ्या लाटेत तर मरणंच दारात आली. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा, घरचे क्वारंटाइन, सांत्वनाला कुणी जाऊन बसेल म्हणावं तर तीही सोय नाही. बातमी कळल्यावर पहिल्या दिवशी फोन सगळेच करतात, नंतर त्या घरात शांतता होते. म्हणून गटात पाळी लावली: रोज एका घरानं त्या कुटुंबाला फोन करायचा आणि प्रार्थना करूनच ठेवायचा. मोठ्या मंडळीला हे जमलं नसतं. तिथे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं केला असेल.

प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, आम्ही गटात घेतलं नाही. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली, तिथे ते दीक्षित पाळकांच्याच हातून मिळतं. थांबणं जड गेलं, पण योग्यच होतं असं मला वाटतं. त्यामुळे गट म्हणजे वेगळी चूल, ही शंका आमच्याकडे फारशी कुणाला आली नाही. तुमच्या वडीलधाऱ्यांना तीच भीती असेल, तर बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय त्यांच्यासोबत वाचा. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल तिथे सलाम सांगतो. आणि तुमच्याच साताऱ्यात ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. चर्चच्या भिंतीबाहेर भक्तांनी जमणं साताऱ्याला नवं नाही.

शिवाय 16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याला, प्रार्थनास्थळं उघडली तरी पासष्टीपुढच्यांना घरीच थांबायचा सल्ला होता. 2021 च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली, ती थेट 7 ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. प्रत्येक वेळी गट होता म्हणून म्हातारी माणसं एकटी पडली नाहीत. अंथरुणाला खिळलेली माणसं तर कोरोना नसतानाही चर्चला येऊ शकत नाहीत.

चालवायचा कसा, तर घरं पाच-सहाच ठेवा. त्यापुढे गेलात की दोघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. नात्यागोत्यापेक्षा गल्लीवार पाडा, रात्री-अपरात्री पोचता येतं. पुढारी चांगला बोलणारा नको, फोन उचलणारा हवा. गटात सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, हे मात्र पहिल्याच दिवशी आणि स्पष्ट सांगा. एकदा बाहेर गेलं की माणसं फक्त सर्दी-खोकल्यासाठी प्रार्थना मागतात. चहावरच थांबा, नाश्त्याची चढाओढ लागली की गरीब घर आपली पाळी टाळायला लागतं. पाळकसाहेबांना अधूनमधून प्रत्येक गटात बसायला बोलवा आणि आजाऱ्यांची नावं शनिवारपर्यंत त्यांच्याकडे पोचवा, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेत ती घेता येतात.