वडील कडक असले की पोरं शाळा सोडतात का?

भाचा नववीत आहे, दाजी कडक आहेत आणि पोरगा आता शाळेत जायचंच नाही म्हणतोय, हे दाजींच्या कडकपणामुळे का, असं तुम्ही विचारलंय.

मी शिक्षक नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवतो. पण वर्षाला दोन-चार बाप पोराला पुढं घालून येतात, "ह्याचं डोस्कं अभ्यासात न्हाई, मशीनवर घ्या." अठराच्या आतला मी घेत नाही. चहा पाजतो आणि बापाला बाहेर बसवून पोराशी बोलतो.

दिवाळीआधी एक आला होता. वहीत शेवटची तारीख ऑगस्टची. पोरगा रोज डबा घेऊन निघायचा, पंचगंगा घाटावर बसायचा, डबा तिथंच खायचा आणि पाचला घरी. कारण काय, तर बीजगणितात वीसपैकी चार मार्क, आणि पेपरावर बापाची सही हवी. मागच्या सहीला पट्टा बसला होता. म्हणून एक दिवस दांडी मारली. मग दांडीची चिठ्ठी हवी, तीही बापाचीच. असे दोन महिने गेले. पेपर अजून दप्तरातच होता, चार घड्या घातलेला.

म्हणजे कडकपणा म्हणजे नेमकं काय, ते बघा. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांचे तीन प्रकार सांगितले: हुकूम सोडणारे, शिस्त लावतानाच ऐकूनही घेणारे आणि सगळं चालवून घेणारे. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी लक्षच नसलेल्यांचा चौथा प्रकार मांडला. दुसऱ्या प्रकारातले बापही कडकच असतात की! फक्त त्यांच्या घरात चार मार्कांचा पेपर दाखवता येतो.

लाड करणाऱ्यांकडची पोरंही सुटतात, दहावीआधी गाडी हातात आली की संपलं. चौथ्या प्रकाराबद्दल मात्र माझी जीभ रेटत नाही. इचलकरंजीत लूमवर बारा तास उभा राहणारा एक बाप पोरगा कितवीत ते चुकीचं सांगत होता, पोरानंच दुरुस्त केलं. त्याला बेफिकीर कसं म्हणू?

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आजचा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. नववीपासून पोराला धरून ठेवायचं ते घरानंच.

दाजींना उपदेश करायला जाऊ नका, भडकतील. आधी भाच्याला एकट्याला गाठा, मिसळ खायला घाला आणि शाळा कधीपासून बुडतेय एवढंच विचारा. मग वर्गशिक्षकांकडं त्याच्याबरोबर तुम्ही जा. अगदीच सुटली शाळा, तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. मी तशीच दिली, लेथवर काम करत.